काकूंच्या घड्याळाची रेघ

सेकंदकाकांना हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्यानं अगदी मापात ठेवलं होतं. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात त्यांना गाठून मुद्दाम किती वाजले ते विचारायची, आणि काकाही भोळेपणानं सेकंदासकट सांगायचे. वर, तुमचं घड्याळ पुढं आहे, आणून द्या, लावून देतो, हेही. नोकरी सगळी वजनकाटे तपासण्यात गेली होती. काटा खोटा निघाला की काका शिक्का देत नसत, मग समोरचा कितीही गयावया करो. निवृत्त झाल्यावर तपासायला काटे उरले नाहीत, तेव्हा त्यांनी घड्याळांचे काटे धरले. काकू म्हणायच्या, सवय कुठली जातेय, काटे बारीक झाले एवढंच.

घराची मागची खोली या नादाला दिलेली. एक लांब टेबल, एक हात टेकायची खुर्ची, खिडकीच्या गजाला तारेनं आवळलेली बशीएवढी पांढरी अँटेना. टेबलावर एक राखाडी पेटी. ती टॉवरवाल्यानं आणून दिलेली. टॉवरवाला म्हणजे काकांचा एकुलता एक मित्र, मोबाइल टॉवरच्या देखभालीवर असलेला आणि स्वतःही घड्याळांच्या पायी वेडा झालेला. जुन्या टॉवरमधून निघालेली ती पेटी भंगारात जायची होती. तिच्या पोटात क्वार्ट्झचा एक खडा आहे, कायम एकाच उबेत ठेवलेला. तो सेकंदाला लाखो वेळा थरथरतो, आणि थरथरताना जरा कुठे ढिलाई झालीच तर आकाशातले उपग्रह त्याचा कान धरतात, दर सेकंदाला. म्हणून काका त्याला शिस्तीतला ऑसिलेटर म्हणत. पेटीवर आकड्यांत वेळ दिसे आणि एक हिरवा दिवा होता, सेकंदाला एकदा मिचकणारा. या घरात शिस्तीनं वागणारं एवढं एकच कार्टं आहे, असं काकू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

पेटीशेजारी ठोके ऐकणारं यंत्र. त्याच्या चिमट्यात घड्याळ धरलं की ते ठोका न् ठोका ऐकतं, पेटीच्या सेकंदाशी ताडून पाहतं आणि कागदाच्या पट्टीवर ठिपके मारत जातं. ठिपक्यांची रेघ होते. रेघ सरळ गेली तर घड्याळ खरं. वर चढली तर पुढं पळतंय, खाली उतरली तर मागं रेंगाळतंय. एवढं कळलं की या गोष्टीपुरतं घड्याळशास्त्र संपलं.

नाही, आणखी एक गोष्ट सांगायला हवी. किल्लीचं घड्याळ टेबलावर एक चालतं आणि हातावर दुसरंच. तबकडी वर करून निजवलं की जरा पळतं, हात खाली सोडून चाललात की रेंगाळतं. म्हणून काका घड्याळ टेबलावर बघून लावत नसत, माणूस बघून लावत. हा माणूस दिवसभर उभा असतो का, झोपताना घड्याळ काढतो का, हे महिनाभर विचारून विचारून त्याला भंडावून सोडत. मग आतला काटा केसभर असा सरकवत, की त्या माणसाच्या दिवसातलं पळणं आणि रेंगाळणं एकमेकांत जिरून जाई.

यात सगळ्यात जमलेलं घड्याळ काकूंचं. काकू इस्पितळात सिस्टर होत्या. छोटं, पोलादी, ठसठशीत सेकंदकाट्याचं घड्याळ, डाव्या हातात. ते समजून घ्यायला काकांनी एकदा काकूंच्या सुट्टीच्या दिवशी काय करावं? घड्याळ त्यांच्या हातात, घड्याळाला चिमटा आणि चिमट्याला घरभर पुरेल एवढी लांब वायर. "अहो, मला काय दावणीला बांधलंय का?" असं म्हणत काकू दिवसभर त्या वायरीसकट वावरल्या, कपडे वाळत घातले, आडव्या झाल्या, उठल्या. आणि मागच्या खोलीत त्यांचा दिवस कागदावर उमटत गेला. हात खाली असेल तेव्हा रेघ उतरती. दुपारी डावा हात उशीवर टाकून निजल्या तेव्हा चढती. संध्याकाळी त्यांनी रोजच्यासारखी काकांची नाडी बघितली, स्वतःचं घड्याळाचं मनगट सपाट धरून, मिनिटभर. उतरत्या रेघेत तेवढ्यापुरती एक छोटी पायरी उमटली. काकांना ती पायरी इतकी आवडली की त्यांनी लेकीला फोन करून सांगितलं, आणि लेक पोट धरधरून हसली.

नाडी बघायचं कारण होतं. सगळ्या गावाच्या घड्याळांना वळण लावणाऱ्या या माणसाचं काळीज मात्र जन्माचं बेशिस्त. मधेच एक ठोका गिळायचं, मग दोन घाईघाईनं देऊन टाकायचं. त्यावर गोळी चालू होती. काकू ड्युटीवरून आल्या की पिशवी ठेवायच्या आधी काकांच्या खुर्चीशी यायच्या. काका टेकण्यावर हात उताणा ठेवून बसलेलेच असायचे. मिनिटभर दोघंही बोलायचे नाहीत. मग काकू हात सोडत आणि म्हणत, घरातलं हे एवढं घड्याळ तुम्हाला दुरुस्त करता आलं नाही हो.

आणखी एक सवय होती काकूंची, आणि ती या दोघांतच राहिली. वॉर्डात कुणी गेलं की त्या घड्याळाची किल्ली बाहेर ओढत. सेकंदकाटा जागच्या जागी थांबे. सगळी धावपळ चालू असताना डॉक्टर येऊन वेळ विचारीपर्यंत ती वेळ तबकडीवर तशीच राही. मग किल्ली पुन्हा आत. त्या दिवशी घड्याळ काही मिनिटं मागं पडून घरी येई. काका पेटीशी ताडून बघत, काही विचारत नसत, मुकाट्यानं घड्याळ लावून ठेवत आणि काकूंच्या हातात चहाचा कप देत.

गेल्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत काकू गेल्या. त्याच वॉर्डात. त्यांच्या वस्तू एका पाकिटात घालून काकांच्या हातात दिल्या, तेव्हा घड्याळ चालू होतं. काकांनी सवयीनं पेटीशी ताडून बघितलं. एका सेकंदाचाही फरक नव्हता. इतक्या जणांसाठी काकूंनी किल्ली ओढली, काकूंसाठी ओढणारं कुणी नव्हतं. काका त्या दिवशी पहिल्यांदा रडले. घड्याळ त्यांनी कपाटात ठेवलं, आणि किल्ली संपल्यावर ते आपोआप थांबलं.

लेकीचा फोन आला तो वर्षश्राद्ध झाल्यावर. लेक दुसऱ्या गावी असते, मुलांना पोहायला शिकवते. काका तिला मासोळी म्हणतात. आईचं घड्याळ मला हवंय, असं ती म्हणाली. महिनाअखेरीस येते, तोवर नीट करून ठेवा, मला घालायचंय ते. काका हो म्हणाले. त्यांना बरंच वाटलं. वस्तू वापरात असली म्हणजे बरी, असंही म्हणाले.

घड्याळाला किल्ली दिल्यावर ते लगेच चालू झालं. काकांनी ते चिमट्यात तबकडी वर करून निजवलं आणि पट्टी सुरू केली. मनगटासाठी लावलेलं घड्याळ टेबलावर निजवलंय, म्हणजे ते पळणार आणि रेघ सतत चढत राहणार, हे त्यांना ठाऊकच होतं. दुसऱ्या दिवशी ताडून बघितलं तर घड्याळ पेटीला धरून होतं. ना पुढं, ना मागं.

चुकलं असेल आपलंच, म्हणून त्यांनी पुन्हा एक दिवस जाऊ दिला. पुन्हा तेच. मग त्यांनी पट्टी उलगडून बघितली. रेघ सरळ नव्हती. सकाळभर उतरत होती, दुपारी थोडी चढत होती, संध्याकाळी पुन्हा उतरत होती, रात्री चढत होती.

काका घाबरले वगैरे नाहीत. काट्यात खोट असली की ती कुठेतरी असते, शोधली की सापडते, यावर त्यांचं आयुष्य गेलं होतं. खोलीतला वारा बंद केला. ऊन येत होतं तिथे पडदा लावला. घड्याळ पालथं करून बघितलं, उभं करून बघितलं, किल्लीची बाजू खाली करून बघितलं. एरवी ठेवण बदलली की चाल बदलते. या घड्याळाला आपल्याला कसं ठेवलंय याचं काही सोयरसुतकच नव्हतं. ते आपल्या वेळेला उतरायचं आणि आपल्या वेळेला चढायचं.

त्यांनी टॉवरवाल्याला बोलावलं. तो हसत हसत आला, पेटी तपासली, अँटेना तपासली, स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून चिमट्यात लावलं. रेघ दोरी धरल्यासारखी सरळ. यंत्र निर्दोष. घड्याळात लोहचुंबकाचा गुण शिरला असेल म्हणून तोही काढून झाला. मग काकूंचं घड्याळ पुन्हा लावून दोघं पट्टीकडे बघत बसले. टॉवरवाला चहा अर्धाच प्याला. उठताना म्हणाला, "काका, हे घड्याळ टेबलावर नाहीये. कुणीतरी घातलंय ते." म्हणाला आणि आपल्याच बोलण्यावर हसला, पण त्यानंतर बरेच दिवस तो फिरकला नाही.

काकांनी भिंग घेतलं. सकाळच्या उतरत्या रेघेत अगदी बारीक, भिंगाशिवाय दिसणार नाहीत अशा पायऱ्या होत्या. एक पायरी, थोडी रेघ, मग दुसरी पायरी. एकीमागून एक, ओळीनं. मिनिटमिनिटभराच्या. काकांनी भिंग खाली ठेवलं. वॉर्डातली सकाळची फेरी चालू होती. खाटेमागून खाट.

ते तसेच बसून राहिले. मग उठून तोंड धुतलं, पुन्हा येऊन बसले. संध्याकाळ झाली. काकूंची यायची वेळ झाली तशी त्यांनी टेकण्यावर हात ठेवला, उताणा. का ठेवला ते त्यांना विचारू नका. खोलीत काहीही झालं नाही. दार वाजलं नाही, पडदा हलला नाही, हाताला कुणाचा स्पर्श झाला नाही. फक्त टेबलावर यंत्र टिपटिपत होतं, आणि उतरत्या रेघेत मिनिटभराची एक पायरी उमटली. एकच. मग रेघ पुढं गेली.

काकांना रडू कोसळलं. इतकं बरं त्यांना वर्षभरात वाटलं नव्हतं.

त्यानंतर त्यांचा दिवस त्या पट्टीवर चालू लागला. सकाळी उठल्याबरोबर घड्याळाला किल्ली, मग भिंग घेऊन फेरी. रविवारी, काकूंच्या सुट्टीच्या दिवशी, फेरीच्या पायऱ्या नसत, रेघ घरात वावरल्यासारखी सैल जाई, आणि त्या दिवशी काका मुद्दाम ओले कपडे वाळत न घालता तसेच ठेवत आणि येऊन पट्टी बघत. काकू जाऊन वर्ष झालं होतं आणि काका पुन्हा संसाराला लागले होते. खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं, म्हातारा सावरला.

एकदा सकाळी पट्टी भरत असताना यंत्र मुकं झालं. काकांनी वर बघितलं. घड्याळाची किल्ली बाहेर आली होती. चिमटा तसाच घट्ट, घड्याळ तसंच, किल्ली तेवढी बाहेर, आणि सेकंदकाटा थांबलेला. काकांनी हात लावला नाही. काही मिनिटं गेली. मग त्यांच्या डोळ्यांदेखत किल्ली आत गेली आणि यंत्र पुन्हा टिपटिपू लागलं. दुपारी त्यांनी वॉर्डातल्या जुन्या सिस्टरला फोन केला. काकूंचे काही कागद राहिलेत का, अशी काहीतरी थाप मारली. बोलता बोलता ती म्हणाली, आज सकाळपासून डोकं वर काढायला वेळ नाही, खिडकीजवळच्या खाटेवरची बाई गेली. काकांनी फोन ठेवला आणि घड्याळ लावून ठेवलं, पूर्वीसारखंच, मुकाट्यानं.

आता गोळीचं सांगायला हवं. या सगळ्या धांदलीत एक दिवस काका सकाळची गोळी विसरले, अगदी खरोखर विसरले. संध्याकाळी छातीत फुलपाखरं उडायला लागली. टेकण्यावर हात ठेवला, आणि त्या दिवशीची पायरी मिनिटात संपली नाही. लांबत गेली. नाडी लागत नसली, चुकत असली की काकू अशाच थांबायच्या, पुन्हा पहिल्यापासून मोजायच्या. दुसऱ्या दिवशी गोळी घेतली, पायरी मिनिटाची. तिसऱ्या दिवशी मुद्दाम घेतली नाही. पायरी लांब, आणि तासाभरानं आणखी एक. आयुष्यभर काटे तपासलेल्या माणसाला एवढा पुरावा पुष्कळ झाला.

त्यांनी गोळ्या बंद केल्या. पायऱ्या वाढल्या. दुपारीही येऊ लागल्या. सकाळच्या फेरीतली खाटांची ओळ मधेच तुटायची आणि एक लांब पायरी यायची, म्हणजे फेरी टाकून कुणीतरी काकांकडे येऊन जायचं. काकांचे पाय सुजले, जिना चढताना तीनदा थांबावं लागू लागलं, पण चेहऱ्यावर असं समाधान की विचारू नका.

महिनाअखेरीस लेक आली. दारातच तिनं बापाचे पाय बघितले. पिशवी ठेवून सरळ स्वयंपाकघरात गेली आणि गोळ्यांची पाकिटं घेऊन बाहेर आली. सगळी भरलेली.

"हे काय आहे, बाबा?"

काकांना खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. त्यांनी तिला मागच्या खोलीत नेलं, भिंग दिलं आणि सगळं सांगितलं. फक्त किल्लीचं सांगितलं नाही. ते दोघांतलं होतं. लेकीनं पट्ट्या बघितल्या. दावणीच्या दिवशीची जुनी पट्टी काकांनी जपून ठेवली होती, तीही शेजारी ठेवून बघितली. बापाचं डोकं फिरलंय असं म्हणायची तिची तयारी होती, तोंडावर आलेलं होतं, पण संध्याकाळ झाली आणि काकांनी हात उताणा ठेवला. पायरी आली. लांब. संपली. आणि लगेच तिच्यामागून दुसरी आली, मिनिटाची, नेमकी.

लेकीचा हात टेबलावर पडलेला होता, उताणा. तिनं तो हळूच काढून मांडीवर घेतला. लहानपणी तापात आई तिची नाडी बघायची, तेव्हाही ती अशीच गप्प पडून राहायची.

"तिला कळतंय मी आलेय ते," ती म्हणाली. मग बराच वेळ रडली. काकांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

डोळे पुसल्यावर मात्र तिचा आवाज बदलला. हुबेहूब आईचा झाला. "तुम्ही आजारी पडता म्हणून ती थांबते. जन्मभर ड्युटी केली तिनं, बाबा. आता मेल्यावरही तुम्ही तिला ओव्हरटाइम लावताय?"

काकांनी एवढंच विचारलं, की घड्याळ तू नेलंस तर मी काय करू. लेक म्हणाली, गोळ्या घ्या. जगा. मला आता तुमच्याशिवाय कोण आहे?

त्या वाक्यापुढे काका हरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चिमटा सोडवला, घड्याळ मऊ कापडानं पुसलं आणि लेकीच्या डाव्या हातावर बांधलं. पट्टा आईच्याच छिद्रात बसला. लेकीनं पाण्यात उतरताना ते काढून ठेवायचं कबूल केलं, काकांनी रोज गोळी घ्यायचं. निघताना तिनं चिमट्याची वायर उचलली, मऊ फडकं गुंडाळून चिमटा काकांच्या मनगटावर बसवला आणि म्हणाली, रोज दुपारनंतर हा लावून बसायचं, जगाची घड्याळं झाली, आता हे मोजा. यंत्राला नाडी ऐकायला लावणं काकांना अवघड नव्हतं. पहिली पट्टी निघाली तेव्हा बापलेक दोघंही हसले. मोहरी सांडावी तसे ठिपके, रेघेचा पत्ता नाही.

"हे मी दुरुस्त करू शकत नाही, मासोळे," काका म्हणाले.

"दुरुस्त नको. चालू ठेवा."

त्यांनी चालू ठेवलं. रोज गोळी, रोज पट्टी, रोज लेकीला त्या पट्टीचा फोटो. पायांची सूज उतरली. टॉवरवालाही एकदा डोकावून गेला, चिमटा रिकामा बघून त्याच्या जिवात जीव आला. लेक सांगायची, घड्याळ छान चालतंय, थोडं पळतं, लावून द्याल तेव्हा द्याल. म्हणजे तिच्या हातावर ते साधं घड्याळ झालं होतं. काका हूं म्हणत. संध्याकाळ झाली की ते टेकण्यावर हात ठेवत, आणि कुणी येत नसे. हे सगळं ठीकच आहे, असं ते स्वतःला समजावत. पटत नसे, तरी समजावत.

मग एक दिवस दुपारी ते चिमटा लावून बसले आणि खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. गाढ. फोनच्या आवाजानं जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन उतरलेलं होतं. अंग हलकं वाटत होतं, आजारातून उठल्यावर वाटतं तसं.

लेकीचा फोन होता. "बाबा, घड्याळ थांबलंय. पाण्यात उतरताना कपाटात ठेवलं होतं. आत्ता बघते तर किल्ली बाहेर. सैल झाली असेल का?"

काका खुर्चीत सरळ बसले.

"तू ओढली नाहीस?"

"नाही हो. कुलूप होतं कपाटाला."

"तिथे सगळे बरे आहेत ना? मुलं, बाकीचे?"

"सगळे मजेत. का?"

"काही नाही. किती वाजता थांबलंय?"

"पाचाला दहा कमी."

काकांनी पट्टी हातात घेतली आणि मागं मागं सरकवत नेली. पाचाला दहा कमी असतानाची जागा सापडली. तिथपर्यंत मोहरी सांडलेली होती, रोजच्यासारखी. मग बोटभर कोरा कागद.

मग रेघ.

सरळ. ना चढती, ना उतरती. तिथपासून आत्तापर्यंत, एका ठिपक्यामागे एक, टेबलावरून खाली जमिनीपर्यंत गेलेली.

यंत्रात खोट असेल. काकांनी चिमटा मनगटावरून काढला. ठिपके थांबले. पुन्हा लावला. रेघ तिथूनच पुढे निघाली.

त्यांनी उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर ठेवली, काकू ठेवत तशी. ठोका आला. मग ठोका आला. गिळलेला एकही नाही, घाईचा एकही नाही. मनगट गार लागत होतं. संध्याकाळ झाली होती, गार लागणारच.

"बाबा? आहात ना?"

"आहे."

"गोळी घेतलीत?"

"घेतली."

"ठोके कसे आहेत आज?"

"एकही चुकत नाहीये," काका म्हणाले.

लेक खुदकन हसली. तिला किती बरं वाटलं ते फोनमधूनही कळत होतं. "बघा! म्हटलं होतं की नाही मी? आता वेळ सांगा, घड्याळ लावून घेते. सेकंदासकट सांगा, तुमच्या पेटीवरची."

पेटी काकांच्या पाठीमागे होती. त्यांनी वळून बघितलं नाही. बोटं मनगटावरच होती.

"सहाला पाच कमीवर काटे आण," ते म्हणाले. "किल्ली धरून ठेव. मी सांगतो तेव्हा दाब."

"हं."

"सत्तावन्न. अठ्ठावन्न. एकोणसाठ." त्यांनी एका ठोक्याची वाट बघितली. "दाब."

किल्ली आत गेल्याचा बारीक आवाज आला. लेकीनं मोबाइलवरची वेळ बघितली असावी. "बाबा, सेकंदाचासुद्धा फरक नाही," ती म्हणाली, आणि उद्या बोलू म्हणून तिनं फोन ठेवला.

काका खुर्चीत मागं वळले. पेटीवरचा हिरवा दिवा मिचकला. बोटांखाली ठोका आला. दिवा मिचकला, ठोका आला.